भोगीच्या भाजीसाठी थेट बांधावर : सोलापूरजवळच्या शेतातील तोडणीचा एक दिवस

संक्रांत जवळ आली की सोलापूरच्या घरांत दोन कामे एकदम उभी राहतात. एकीकडे सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेसाठी पाहुणे येऊ लागतात आणि दुसरीकडे भोगीच्या भाजीची व सुगडात भरायच्या वाणाची जमवाजमव सुरू होते. यंदा त्यात धाकट्या जाऊबाईंच्या दीड वर्षाच्या मुलाच्या पहिल्या बोरन्हाणाची भर पडली. बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजरे, पावटा, वांगी हे सारे मंडईतून आणण्याऐवजी एखाद्या शेतात जाऊन आपल्या हातांनी तोडून आणावे, म्हणजे मुलांनाही काही पाहायला मिळेल, असे सासऱ्यांनी सुचवले आणि भोगीच्या आधीच्या रविवारी आम्ही नऊ जण मंगळवेढा रस्त्यावरच्या एका शेतात दिवसभर जाऊन आलो. त्या दिवसाचा हा अभिप्राय आहे.

शेताच्या मालकांच्या इच्छेवरून त्याचे नाव येथे देत नाही. ते एका दिवशी आठ-दहा कुटुंबांपेक्षा अधिक लोक घेत नाहीत आणि यंदाच्या हंगामातील त्यांचे बहुतेक रविवार भरलेले आहेत. तरीही हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यानंतर सोलापूरच्या चारही बाजूंना अशी ठिकाणे वाढली आहेत. त्यांतील चांगले कोणते आणि केवळ देखाव्याचे कोणते, हे ओळखायला एका ठिकाणचा नीट सांगितलेला अनुभव उपयोगी पडेल, असे मला वाटते.

सोलापूरहून तिऱ्हे येथे सीना ओलांडून कामतीच्या दिशेने गेले की शहरापासून साधारण पाऊण तासात हे शेत येते. मुख्य रस्ता उत्तम आहे, मात्र शेवटचे दोन किलोमीटर कच्ची वाट आहे आणि बुटक्या गाडीने ती जपून काढावी लागते. एकूण चौदा एकर जमीन तीन भावांच्या एकत्र कुटुंबाची आहे. ओढ्याकडच्या बाजूला काळी, भारी जमीन असून तेथे ज्वारी, हरभरा आणि थोडी करडई आहे; चढावरची जमीन हलकी आणि मुरमाड असल्यामुळे तेथे डाळिंब लावले आहे. मध्ये विहीर, शेततळे, द्राक्षाचा एक लहान प्लॉट आणि घरापुरत्या भाजीपाल्याचे वाफे आहेत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे डाळिंब, द्राक्षे आणि भाजीपाला सगळा ठिबकवर आहे. मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, की हे खरोखर पिकवून विकणारे शेत आहे. फोटो काढण्यासाठी रंगवलेली बैलगाडी, सिमेंटचे बैल किंवा प्लास्टिकची कमान येथे नाही. आदल्या दिवशी येथून बाजाराला माल गेलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीही जाणार असतो.

नोंदणी दूरध्वनीवरून चार दिवस आधी करावी लागते. मोठ्या माणसास ५५० रुपये, पाच ते बारा वर्षांच्या मुलास ३०० रुपये आणि त्याहून लहान मुलांस काही नाही, असा दर आहे. त्यात सकाळची न्याहारी, हुरडा, दुपारचे जेवण आणि शेतातून फिरणे येते. तोडलेला माल वजनावर वेगळा घ्यावा लागतो. पहिल्यांदा ऐकताना हे मला महाग वाटले होते. घरी आल्यावर हिशेब केला तेव्हा माझे मत बदलले. तो हिशेब पुढे देते.

आम्ही साडेआठला पोहोचलो. गरम पोहे, चहा आणि लहान मुलांसाठी दूध मिळाले. त्यानंतर थोरल्या भावाने सर्वांना लिंबाच्या झाडाखाली बसवून दहा मिनिटे तोडणीचे नियम सांगितले. काय तोडायचे, काय तोडायचे नाही, कोणत्या सरीतून चालायचे, कोणत्या बाजूला मुलांना एकटे सोडायचे नाही, विहिरीकडे जाताना कोणाला सोबत घ्यायचे, हे सगळे त्यांनी शांतपणे समजावले. याआधी मी दोन ठिकाणी अशाच सहलींना गेले आहे आणि तेथे पिशवी हातात देऊन ‘घ्या तोडून’ एवढेच सांगण्यात आले होते. परिणामी लोक कच्ची फळे ओढत होते, फांद्या मोडत होते आणि शेवटी निम्मा माल बांधावर टाकून देत होते. येथे तसे घडले नाही, याचे श्रेय या पहिल्या दहा मिनिटांना आहे.

भाजीपासून सुरुवात केली, कारण ऊन चढण्याआधी तोडलेली भाजी ताठ राहते आणि संध्याकाळपर्यंत कोमेजत नाही. वांग्याच्या वाफ्यात कामाला असलेल्या एक मावशी आमच्यासोबत होत्या. वांगे चकचकीत असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खड्डा लगेच भरून येत असेल तरच घ्यायचे, चमक गेलेले वांगे आत बियांनी भरलेले असते, हे त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दोनदा सांगितले आणि तिसऱ्या वेळी त्याच्याकडून म्हणवून घेतले. देठाचे काटे बोटांना टोचतात, म्हणून देठ धरून कातरीनेच कापायचे. पदराचा ओचा करून दोन्ही हात मोकळे ठेवून त्या ज्या वेगाने तोडत होत्या, तो पाहून आमच्या सासूबाई थबकून उभ्या राहिल्या. त्यांचे बालपण मोहोळ तालुक्यात गेले असून चाळीस वर्षांनी आपण वांग्याच्या सरीत उभ्या आहोत, असे त्या म्हणाल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय पावट्याच्या शेंगा वेचल्या.

गाजरे उपटताना मुलांना फार आनंद झाला. काळ्या मातीत ती सहज निघत नाहीत. पाला धरून जोर लावला तर पालाच हातात येतो. आधी खुरप्याने बाजूची माती सैल करावी लागते आणि मगच सरळ वर ओढावे लागते. आमची पाच वर्षांची मुलगी पहिल्या प्रयत्नात पाठीवर पडली, दुसऱ्यात गाजर निघाले आणि ते तिने दिवसभर हातातून सोडले नाही. मेथी, कांद्याची पात आणि करडईची कोवळी भाजी यांच्या जुड्या आम्हीच बांधल्या. करडईची भाजी आता शहरात फारशी दिसत नाही. काटे फुटण्याआधी, पाने कोवळी असतानाच ती खुडावी लागते, आणि लसूण-मिरचीच्या फोडणीत तिची जी चव लागते तिची सर मेथीला येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हरभऱ्याच्या रानात मात्र एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. ती आम्लधर्मी असते, म्हणून पानाला जीभ लावली की आंबट लागते. पूर्वी पहाटे दव असताना पिकावरून पातळ धोतर किंवा फडके फिरवून ते पिळत आणि ती आंब बाटलीत भरून पोटदुखीवर ठेवत. सासऱ्यांनी मुलांना हे तेथेच उभे राहून सांगितले. ही माहिती सुंदर होती, पण डहाळे, म्हणजे घाट्यांसह हरभऱ्याची झाडे, उपटताना हाताला किंवा नखाजवळ बारीक चीर असेल तर त्याच आंबेने झोंबते. जाऊबाईंना ते चांगलेच झोंबले. हात धुवायला पाणी शंभर पावलांवर होते. डहाळे उपटायच्या ठिकाणी पाण्याचा एक माठ ठेवला तर हा त्रास टळेल, असे आम्ही मालकांना सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

त्यानंतरचा दीड तास डाळिंबाच्या बागेत गेला, आणि संपूर्ण दिवसात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हाच वेळ. सोलापूरकरांना डाळिंबाचे कौतुक नवे नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे आणि २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही आमच्यापैकी कोणीही, ज्यांचे आयुष्य याच जिल्ह्यात गेले त्या सासऱ्यांसह, डाळिंब स्वतःच्या हाताने कधी तोडले नव्हते. बाग भगव्या जातीची, मृग बहराची. पावसाळ्याच्या सुरुवातीस आलेल्या फुलांची फळे सुमारे सहा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तोडणीस येतात. फळ नुसते लाल झाले म्हणजे तयार झाले, असे नसते. मधल्या भावाने फळाच्या टोकाचा मुकुट दाखवला : कच्च्या फळात त्याची टोके बाहेर फाकलेली असतात आणि तयार फळात ती आत वळू लागतात. सालीवरचे कंगोरे जरा सपाट झालेले असतात आणि फळ अगदी गोल न राहता बाजूंनी किंचित चपटे लागते. शेवटी बोटाने टिचकी मारून ऐकायचे. तयार फळाचा आवाज ठणठणीत, धातूसारखा येतो. मुलांनी या टिचकीचा खेळच केला, पण तो खेळ उपयोगाचा होता, कारण डाळिंब तोडल्यानंतर पिकत नाही. पेरू किंवा केळे घरी ठेवून पिकवता येते. डाळिंब झाडावर जितके गोड झाले तितकेच ते गोड राहते. चुकीचे फळ तोडले तर ते कायमचे चुकले. हे कळल्यावर माझा मुलगा, जो एरवी कोणत्याही कामात घाई करतो, प्रत्येक झाडाजवळ थांबून कान लावू लागला.

तोडण्याची पद्धतही काटेकोर होती. फळ ओढायचे नाही, पिळायचे नाही. देठ फळालगत कातरीने कापायचा. “वढू नका ताई, साल फाटती आन् तेवढ्या जागंनं फळ कुजतंय,” असे मधल्या भावाने मला एकदा टोकले आणि ते बरोबरच होते. देठ लांब ठेवला तर क्रेटमध्ये तो शेजारच्या फळाला टोचतो, म्हणून आखूडच ठेवायचा. एका झाडाची तोडणी झाली की कातर औषधाच्या पाण्यात बुडवून मगच दुसऱ्या झाडाला लावायची, असा येथे दंडक आहे. पहिल्यांदा मला तो अनावश्यक वाटला होता. कारण विचारल्यावर त्यांनी तेल्या रोगाबद्दल सांगितले. हा रोग जिवाणूमुळे होतो. पाने, खोड आणि फळ यांच्यावर तेलकट काळे डाग पडतात आणि फळ त्या डागावर तडकते. पावसाच्या थेंबांबरोबर तो पसरतो, तसाच कातरीवरून, हातांवरून आणि रोगट रोपांवरूनही पसरतो. काही वर्षांपूर्वी या कुटुंबाची दोन एकरांची बाग तेल्यामुळे मुळासकट काढावी लागली होती, आणि ज्या शांतपणे त्यांनी ते सांगितले त्यावरून मला त्या कुटुंबाची त्या वर्षीची अवस्था कळली. नंतर आमच्यापैकी कोणीही कातर बुडवायला विसरले नाही. ज्या पाहुण्यांना केवळ फळे हवी असतात त्यांना हा वेळ कंटाळवाणा वाटू शकेल; परंतु बाजारातून डाळिंब विकत घेताना त्यामागे काय असते, हे मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा येथे चांगले समजले.

आई म्हणून मला एक प्रश्न विचारायचाच होता. मुले शेतात फिरताना तोडलेले तसेच तोंडात घालतात. मग फवारणीचे काय? हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक औषधासाठी फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर हवे हे ठरलेले असते आणि ते पाळले नसेल तर फळ दिसायला कितीही ताजे असले तरी खाऊ नये. या कुटुंबाने मागील वर्षी निर्यातदाराला डाळिंब दिले असल्यामुळे त्यांना फवारणीच्या नोंदी ठेवण्याची सवय आहे. त्यांनी वही आणून दाखवली. कोणत्या तारखेला, कोणत्या ओळींवर, काय आणि किती फवारले, हे तिच्यात लिहिलेले होते. पाहुण्यांसाठी राखलेल्या ओळींवर महिनाभर रासायनिक फवारणी झालेली नव्हती. तरीही फळे धुऊन खा, असेच त्यांनी सांगितले आणि बागेच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याचा पिंप ठेवलेला होता. जेथे असा प्रश्न विचारल्यावर मालक हसण्यावारी नेतात, तेथे मुलांना काहीही थेट तोडून खाऊ देऊ नये.

द्राक्षांच्या बाबतीत आमची निराशा झाली, पण तीत दोष कोणाचा, हे नीट सांगायला हवे. मोबाईलवर आलेल्या माहितीत ‘द्राक्षे तोडण्याचा आनंद’ असे छापलेले होते आणि मुले त्याच आशेने आली होती. प्रत्यक्षात प्लॉटमध्ये हिरवे, कडक घड होते. ऑक्टोबरच्या अखेरीस छाटणी झाल्यामुळे फेब्रुवारीच्या उत्तरार्धाआधी ती द्राक्षे गोड होणार नव्हती. आलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाने दोन-चार घड तरी मुलांसाठी तोडू द्या, असा आग्रह धरला. धाकट्या भावाने नम्रपणे नकार दिला. द्राक्षही डाळिंबासारखेच तोडल्यावर गोड होत नाही; खिशातून साखर मोजायचे उपकरण काढून त्याने एका मण्याचा रस त्यावर टाकला आणि मुलांना त्यातून पाहायला लावले. आकडा बाराच्या आसपास होता. अठराच्या पुढे गेल्याशिवाय आम्ही कातर लावत नाही, असे तो म्हणाला. प्लॉट सोनाका जातीचा होता. ही लांब मण्यांची जात आपल्याच नान्नजमध्ये निपजलेली आहे, याचा त्याला अभिमान होता आणि ऐकताना आम्हालाही तो वाटला. नकार देण्यातला त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. मात्र जानेवारीतील पाहुण्यांना पाठवायच्या माहितीतून द्राक्षांचा उल्लेख काढून टाकला पाहिजे, हे मी त्याला तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले.

बोरे तोडायची नसतात, पाडायची असतात. बांधावरच्या दोन जुन्या गावरान बोरींखाली त्यांनी एक वापरून मऊ झालेली सोलापुरी चादर अंथरली, काठीने फांद्या हलवल्या आणि लाल-पिवळ्या बोरांचा सडा पडला. काट्यांमुळे मुलांना झाडाजवळ जाऊ दिले नाही, पण चादरीवरची बोरे निवडण्याचे काम पूर्णपणे त्यांच्याकडे होते. बोरन्हाणासाठी मोठी, कलमी बोरे कामाची नाहीत; लहानग्याच्या डोक्यावरून ओतताना ती लागतात. गावरान बोरे त्यासाठीच हवी होती आणि ती मनासारखी मिळाली. शेजारच्या चिंचेच्या गाभुळलेल्या चिंचाही मालकांनी मूठभर दिल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. पेरू ठीक होते. त्यांच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

साडेअकराच्या सुमारास हुरड्याची आगटी पेटली. सोलापूरच्या वाचकाला हुरडा म्हणजे काय हे सांगायला नको, पण हुरडा चांगला कशाने होतो हे थोडे सांगते, कारण आजकाल पुष्कळ ठिकाणी सकाळीच भाजून ठेवलेला, गार झालेला हुरडा पुन्हा गरम करून वाढतात. येथे कणसे आमच्यादेखत, आम्हीच कापून आणली. दाण्याला नख लावले की घट्टसर दूध यायला हवे. पातळ पाणी आले तर कणीस कोवळे आणि दाणा फुटलाच नाही तर ते निबर झाले. एखादा तुकडा या अवस्थेत जेमतेम आठ-दहा दिवसच राहतो, म्हणून या कुटुंबाने हुरड्याची ज्वारी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने चार तुकड्यांत पेरली आहे. हुरड्यासाठी गुळभेंडी वेगळी, आणि भाकरीसाठी मालदांडी वेगळी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच पट्ट्यातली. भेगाळणाऱ्या काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे ठेवायची, राख सारायची, फिरवायची आणि अंग किंचित करपले की काढून गरम असतानाच हातावर चोळायची. चोळणाऱ्या काकांचे तळवे इतके रापलेले होते की त्यांना चटका जाणवत नव्हता. माझ्या यजमानांनी एक कणीस चोळायला घेतले आणि दुसऱ्या क्षणी ते सुपात टाकले. हिरवे, गोडसर, धुराच्या वासाचे दाणे सुपातून थेट पानावर आले. सोबत शेंगाची चटणी, लसणाची सुकी चटणी, गूळ, दही आणि रेवड्या होत्या. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, खरी सोलापुरी होती. आमच्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि ते बाहेर अतिशय बेताने खातात. त्यांनी तीन वेळा हुरडा मागून घेतला, आणि सासूबाईंनी त्यांना त्या दिवशी अडवले नाही. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावे, असे त्यांनी नातवंडांना बजावले आणि ताकही भरपूर होते.

दुपारच्या जेवणाबद्दल मात्र मन थोडे खट्टू झाले. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची आमटी, ठेचा आणि भात असा बेत होता आणि चव निर्विवाद चांगली होती. पण दीडची सांगितलेली पंगत अडीचला बसली. चुलीवर भाकरी करणाऱ्या दोनच जणी होत्या आणि पाहुणे साठाच्या घरात होते. हुरड्याने मोठ्यांची पोटे भरलेली असली तरी लहान मुले भुकेने किरकिर करू लागली होती. ज्या कुटुंबात तीन-चार वर्षांची मुले आहेत त्यांनी सोबत काहीतरी खाऊ ठेवावा. पंगतीत आम्हाला वाढणाऱ्या बायकांनी आमच्यानंतर, साडेतीनला, जेवायला बसावे हेही मला बरे वाटले नाही; आणखी एक-दोन माणसे कामाला घेतली तर दोन्ही गोष्टी सुधारतील.

आणखी दोन उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली स्वच्छतागृहाची. साठ माणसांसाठी दोनच स्वच्छतागृहे होती. सकाळी ती स्वच्छ होती, परंतु दुपारी टाकीतील पाणी संपले आणि मोटार सुरू करायला वीज नव्हती. वृद्ध स्त्रिया आणि लहान मुले यांना घेऊन दिवसभर शेतात राहायचे तर ही सोय सर्वांत आधी पाहिली पाहिजे, आणि पैसे घेणाऱ्याने ती वीज असो-नसो पुरवलीच पाहिजे. दुसरी उणीव बसण्याच्या जागेची. डाळिंबाच्या बागेत दीड तास उभे राहणे सासूबाईंना जड गेले. शेवटी एक रिकामा क्रेट उलटा घालून त्यांना बसवले. बागेच्या कडेला दोन बाकडी टाकणे फार खर्चाचे काम नाही. बैलगाडीची फेरी भर उन्हात ठेवली होती. बैल धापा टाकताना दिसले, म्हणून आम्ही ती घेतली नाही आणि ती सकाळी किंवा चारनंतर ठेवावी, असे सांगून आलो. याउलट, गाणी लावायला भोंगा आणलेल्या एका गटाला मालकांनी तो गाडीतून उतरवूच दिला नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत. दिवसभर पाखरांचा आवाज ऐकू येत होता.

आता हिशेब. सहा मोठ्यांचे ३,३०० आणि दोन मुलांचे ६०० असे ३,९०० रुपये प्रवेशाचे झाले. दीड वर्षाच्या बाळाचे काही घेतले नाही. सहा किलो डाळिंब १३० रुपये दराने ७८०, तीन किलो पेरू ५० रुपये दराने १५०, दोन किलो बोरे ४० रुपये दराने ८० आणि भाज्या व डहाळे मिळून नऊ किलो, ४० रुपये सरसकट दराने ३६० रुपये. पालेभाजीच्या पाच जुड्यांचे ५० रुपये. सगळे मिळून ५,३२० रुपये. वजन करणाऱ्या मुलाने पहिल्यांदा डाळिंबे क्रेटसकट तोलली होती. क्रेटचे वजन वजा करायला हवे, असे यजमानांनी म्हणताच थोरल्या भावाने स्वतः येऊन पुन्हा तोलले आणि वर दोन फळे जास्त टाकली. चूक नकळत झाली असणार, पण वजनाकडे लक्ष ठेवावे. डाळिंबाच्या दराबाबत सांगायचे तर त्याच आठवड्यात शहरात त्या आकाराचे भगवे मला दीडशेच्या खाली दिसले नव्हते. भाजी मंडईपेक्षा स्वस्त नव्हती, आणि ती तशी असावी ही अपेक्षाही मी धरत नाही. ती मेथी बुधवारपर्यंत टवटवीत राहिली, एवढे मात्र नोंदवते.

भोगीच्या दिवशी सकाळी, यात्रेतील अक्षता सोहळ्याला जाण्याआधी, आम्ही त्या वांग्यांची, गाजरांची, पावट्याची, घाट्यांची आणि बोरांची मिसळीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. यात्रेसाठी आलेल्या पाहुण्यांना मुलांनी प्रत्येक भाजी कोणी आणि कशी तोडली हे वाढता वाढता सांगितले, आणि एरवी वांगे ताटाबाहेर काढून ठेवणाऱ्या माझ्या मुलाने ते निवडून खाल्ले. एका दिवसाच्या सहलीतून याहून अधिक काही मिळावे, असे मला वाटत नाही.

ज्यांना पोहण्याचा तलाव, खेळण्यांची रेलचेल आणि वातानुकूलित खोली हवी, त्यांनी येथे जाऊ नये. गुडघेदुखी असलेल्यांनी घडीची खुर्ची सोबत न्यावी. सर्वांनी पायांत बंद बूट, अंगात जुने सुती कपडे आणि घरच्या कापडी पिशव्या घेऊन जावे. हुरडा साधारण जानेवारीअखेरपर्यंतच मिळेल. आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी द्राक्षांसाठी. तारीख मात्र आम्ही ठरवलेली नाही. अमुक रविवार राखून ठेवा, असे म्हटल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, रविवार बघून द्राक्षं गोड होत नाहीत. साखर भरली की मीच फोन करतो.” त्याच्या फोनची आम्ही वाट पाहत आहोत.